मागच्या खोलीचं पान

१

आमच्या घरात दोन रुग्ण होते. एक माझी बायको आणि दुसरी आमची वेबसाइट. सकाळचा चहा झाला की मी आधी पहिलीचा रक्तदाब बघायचो आणि मग दुसरीची प्रकृती. पहिलीची डावी बाजू उठत नव्हती. दुसरी कुणाला दिसत नव्हती. दोघींच्या डॉक्टरांचं म्हणणं मात्र एकच होतं: वेळ लागेल. हे वाक्य मी कचेरीत जन्मभर लोकांना ऐकवत आलो, त्यामुळे त्याचा खरा अर्थ मला ठाऊक आहे.

घर दुमजली आहे. वरच्या खोल्या आणि गच्चीवरची एक खोली आम्ही चार-आठ दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचो. आम्ही म्हणजे ही. पाहुणे हिचे, किल्ल्या हिच्या, चादरी हिच्या. निवृत्तीनंतर माझ्याकडे एकच खातं उरलं होतं, पाट्यांचं. 'ओले टॉवेल खुर्चीवर टाकू नयेत.' 'जिन्यात मोठ्याने बोलू नये.' ही हसायची. म्हणायची, "कचेरीच्या मागच्या भिंतीवर पाटी लावली होतीत ना, येथे कचरा टाकू नये म्हणून? तोवर ती भिंत कुणाला माहीत तरी होती का? आठवड्यात उकिरडा झाला तिथे. लोकांना सुचत नसतं हो, तुमची पाटी सुचवते."

मग ही पडली. एका सकाळी चादर घडी करता करता अर्ध्या घडीवरच खाली बसली आणि पुन्हा स्वतःहून उठली नाही. पाहुणे थांबले. हिला आम्ही स्वयंपाकघरापलीकडच्या, पॅसेजच्या टोकाच्या मागच्या खोलीत ठेवलं. ती आधीपासून हिचीच खोली, शिवणटिपणाची. समोरच्या काउंटरवरची पितळी घंटी हिच्या उशाशी दिली. काही हवं असलं की उजव्या हाताने दाबायची: टिंग.

पण हिला हवं असायचं ते देणं माझ्या हातात नव्हतं.

"घर मुकं झालंय," ही म्हणायची. "कुणीतरी जिन्यावरून चालू दे हो. एक माणूस चालला ना वर, तर मी उठून बसेन. बघा तुम्ही."

मी ते शब्दशः घेतलं. दुसरं घ्यायला काही उरलं नव्हतं.

२

वेबसाइटची डॉक्टर म्हणजे आमची मुलगी. लहानपणापासून तोंडाचा पट्टा चालू, म्हणून टकळी. ती दूर असते आणि लोकांच्या साइट तपासून देण्याचंच काम करते. साइट शोधली तर सापडते का, सापडत नसेल तर कुठे दुखतंय, हे बघण्याचे पैसे मिळतात, हे मला अजून पटलेलं नाही.

"बाबा, आपली साइट सर्चमध्ये कुठेच येत नाही."

"मला तर रोज दिसते."

"तुम्हाला पत्ता पाठ आहे. पत्ता पाठ असलेल्याला सगळंच दिसतं. ज्याला पाठ नाही त्याचं बोला."

मग तिने मला फोनवर शिकवलं. सर्च इंजिनची यंत्रं असतात. ती साइटमध्ये घरात शिरावं तशी शिरतात. पहिलं पान म्हणजे पुढचं दार. तिथे जी लिंक असेल ती धरून पुढच्या पानात, तिथून पुढच्या. जिथे लिंक नाही तिथे यंत्राच्या लेखी खोलीच नाही. जे बघितलं त्याची टिपणं घेऊन ती परत जातात आणि त्यावरून तुम्ही जगाला दिसायचं की नाही ते ठरतं.

"म्हणजे तपासनीस," मी म्हटलं.

"हो, पण हे चहा घेत नाहीत."

तपासनीस येणार म्हटलं की काय करायचं ते मला कुणी शिकवायला नको. टकळीने एक प्रोग्राम दिला होता. तो साइटभर फिरून दोष काढायचा. गंभीर ते लाल, किरकोळ ते पिवळे. मी रोज दुपारी, हिचा डोळा लागला की, पुढच्या खोलीतल्या काउंटरशी बसून एकेक लाल खूण पुसायचो. फोटो फार जड होते, ते हलके केले. तुटलेल्या लिंका सांधल्या. तीन पानांना मथळाच नव्हता, तो दिला. प्रत्येक खोलीला एक पान आणि प्रत्येक पानावर एक फोटो. हे सगळे फोटो मीच काढलेले, साइट सुरू केली तेव्हा. कुठल्याही फोटोत मी नाही. फोटो काढणारा आणि कारकून, दोघांचंही नशीब सारखंच.

३

शेवटची लाल खूण पुसली जाईना. प्रोग्राम म्हणत होता, एक पान अनाथ आहे. कुठल्याही पानावरून तिथे लिंक जात नाही. सर्व्हरवर पडून आहे, पण वाट नाही.

उघडलं तर मागची खोली.

सुरुवातीला टकळीने तिचंही पान केलं होतं. मग ही म्हणाली, माझी खोली कुणाला द्यायची नाही. लिंक काढली, पान तसंच राहिलं.

फोटोत ही खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसलेली आहे. मांडीवर फाटकी चादर, हातात सुई. वेणी काळी, खांद्यावरून पुढे आलेली. मागे पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीचा पलंग, एक सुरकुती नाही. मी दारात उभा राहून फार वेळ लावत होतो म्हणून हिने मान वळवून विचारलं होतं, "झालं का?" तोंड त्या 'का'वर अर्धवट उघडं राहिलेलं आहे. रागावलेली नाही, हसतेय.

"बाबा, ते पान काढून टाका," टकळी म्हणाली. "फोटो हवा तर उतरवून ठेवा."

"बघतो," मी म्हटलं.

बघतो म्हणजे नाही. कचेरीच्या भाषेत त्याला दुसरा अर्थ नाही आणि आमच्या घरात तो सगळ्यांना माहीत आहे. फोटो उतरवून घेता आला असता, कबूल. पण एखाद्या पत्त्यावरून एखाद्याचं नाव कमी करणं म्हणजे काय, ते मी दुसऱ्यांच्या बाबतीत पुष्कळ केलं आहे. हा अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जाणार नव्हता.

४

साइटवर कोण येऊन गेलं, कुठलं पान मागितलं, याच्या ओळी सर्व्हरवर उमटत असतात. टकळीने त्या वाचायला शिकवलं. यंत्रं मोठी शिस्तीची. येताना नाव सांगतात, दाराशी सूचना असली तर आधी ती वाचतात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं घर बघून निघून जातात.

त्या दुपारी एक वेगळी ओळ होती. नावाच्या जागी नुसती आडवी रेघ. हा पाहुणा पुढच्या दाराने आला, वरच्या पहिल्या खोलीच्या पानावर गेला आणि तिथेच थांबला. त्या खोलीचा फोटो मागितला. मग पुन्हा तोच. पुन्हा तोच. दुपारभर, एखादा माणूस भिंतीवरचं चित्र डोकं वाकडं करून करून बघतो तसा.

"असतात चोरटे बॉट," टकळी म्हणाली. "नाव लपवून फिरतात. दुर्लक्ष करा."

दुर्लक्ष करण्याचा मला अनुभव आहे. मी लॅपटॉप मिटला आणि वरच्या खोल्यांना हवा द्यायला गेलो.

जिना चढलो तर वरच्या पॅसेजमध्ये सामान होतं. पहिल्या खोलीत मी जुनी वर्तमानपत्रं, मोडका पंखा आणि दोन रिकामी खोकी टाकली होती. ती सगळी बाहेर, भिंतीला लावून, उंचीप्रमाणे ओळीत. आत टेबल खिडकीखाली सरकलेलं. पडद्याला मध्यावर गाठ. अशी गाठ मी एकदाच मारली होती, फोटोसाठी, उजेड यावा म्हणून. आणि टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास. तोही मी फोटोसाठीच ठेवला होता, बरा दिसतो म्हणून.

मी ग्लास उचलला. पाणी गार होतं.

हिच्यासाठी सकाळी एक सिस्टर येते. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "वरचं सामान तुम्ही काढलंत?"

"काका, काकूंना कुशीवर वळवताना मला घाम फुटतो. मी पंखे उचलत फिरू?"

मग मीच काढलं असेल. या वयात माणसाने स्वतःवर संशय घ्यायला शिकावं. ते स्वस्त पडतं.

५

"अहो, वर कोण आलंय?"

ही नुसती जागी नव्हती, उशीवरून मान उचलून छताकडे बघत होती. कित्येक दिवसांत मान उचलली नव्हती.

"कुठे कोण?"

"चालतंय की. ऐका."

मला काही ऐकू आलं नाही. पण हिचा चेहरा बघितला आणि मी म्हटलं, "हां, तो. पाहुणा आलाय."

"मग सांगितलं नाहीत! आहात अगदी... किती जण?"

"एकटाच. शांत माणूस आहे."

"शांत कसला, सारखा येरझाऱ्या घालतोय. पाऊल मात्र हलकं आहे. बूट काढून चालत असेल. चहा दिलात का?"

खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. हिला कपबशीचा आवाज ऐकू यायला हवा म्हणून मी चहा केला, जिना चढलो आणि दुसऱ्या खोलीत टेबलावर ठेवून आलो. दुसऱ्याच खोलीत का, ते सांगतो. त्या दुपारी रेघेने, म्हणजे त्या बिननावाच्या पाहुण्याने, तिचा फोटो लावून धरला होता. त्या खोलीतलं जादा सामानही बाहेर आलेलं होतं. आत आरसा पुसलेला, उशा एकीवर एक, फोटोतल्यासारख्या.

तासाभराने कप आणायला गेलो. कप पॅसेजमध्ये होता, ओळीच्या शेवटी. चहा काठोकाठ तसाच, वर साय धरलेली. फोटोत कप नव्हता.

त्या संध्याकाळी हिने सूप मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी कंगवा मागितला. तिसऱ्या खोलीची पाळी आली त्या दिवशी सिस्टर मला ओढत आत घेऊन गेली. हिच्या डाव्या हाताची करंगळी चादरीवर हलत होती, वरच्या पावलांबरोबर ताल धरल्यासारखी.

"काका, काय जादू केलीत?" सिस्टर म्हणाली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा आवक-जावक बारनिशीवर विश्वास आहे. पण ज्याच्या येण्याने बायको कंगवा मागते, त्याला ओळखपत्र कोण विचारतो? टकळीला मी यातलं काही सांगितलं नाही. आई सुधारतेय एवढंच सांगितलं. ते खरं होतं.

६

गच्चीवरची खोली झाल्यावर वर बघायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दुपारी रेघ पहिल्या पानावर होती. त्या पानावरचा फोटो पुढच्या खोलीचा, म्हणजे मी बसतो तिचा. मी तेव्हा औषधं आणायला बाहेर पडलो होतो. परत आलो तर माझी खुर्ची, लॅपटॉप, चष्म्याचं घर, सगळं दाराबाहेर भिंतीशी ओळीत. काउंटर मोकळा, लख्ख, आणि त्यावर पितळी घंटी.

घंटी हिच्या उशाशी असते. मी ती घेऊन मागच्या खोलीत पळालो.

"नेलीत कुठे माझी घंटी?" ही म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मी दाबायला हात पुढे केला तर तिथे काही नाही."

"मीच नेली असेल. पुसायला."

हिने घंटी उशाशी ओढून घेतली. मग म्हणाली, "पाहुणा आज खाली उतरला होता."

"बरं मग?"

"स्वयंपाकघरापर्यंत आला. थांबला. परत पुढे गेला. पुन्हा आला. मला वाटलं, माणूस चुकलाय, हाक मारावी. पण नाही मारली."

"का?"

"तो माणसं शोधत नाहीये हो. खोली राहिलीय का एखादी, ते बघतोय." हिने माझी बाही धरली, डाव्या हाताने, आणि ते आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं. "त्याला सांगा ना, इथे काही नाही म्हणून. तुम्हाला येतं तसं लिहायला."

येतं. तेवढंच येतं.

संध्याकाळी काउंटरशी बसून मी विचार केला. ओळींमध्ये स्पष्ट दिसत होतं, की पाहुणा लिंक धरून चालतो. मागच्या खोलीला लिंक नाही, म्हणून पॅसेज त्याला सापडत नाही. पण अडून बसलाय, कधीतरी सापडेल. पान काढून टाकावं, हा सरळ उपाय. मी पान उघडलं. ही 'झालं का?' म्हणून बघत होती. मी पान मिटलं.

मग मला टकळीने शिकवलेली दाराशी लावायची सूचना आठवली. साइटच्या मुळाशी एक लहानशी फाइल असते. यंत्रांनी कुठे जाऊ नये, ते त्यात लिहायचं. आत येणारं प्रत्येक सभ्य यंत्र आधी ती वाचतं. जन्मभर कागदावर लिहिलं, आता यंत्रांसाठी लिहायचं, एवढाच फरक. मी मागच्या खोलीच्या पानाचा पत्ता पूर्ण, बिनचूक लिहिला आणि त्याच्याआधी मनाईचा शब्द लावला. फाइल चढवली. अनेक दिवसांनी नीट झोप लागली.

७

दुसऱ्या दुपारी टकळीचा फोन आला तेव्हा मी ओळीच बघत होतो. अजून कुणी आलं नव्हतं. मागून घंटी वाजली, टिंग. ही जागी झाली असावी.

"आलोच गं," मी ओरडलो आणि फोनवर म्हटलं, "काल एक काम केलं. त्या अनाथ पानाचा बंदोबस्त केला."

"काढलंत? शाब्बास!"

"काढलं नाही. दाराशी सूचना लावली. तिथे जाऊ नये म्हणून."

टकळी गप्प झाली. टकळी गप्प झाली की काहीतरी बिघडलेलं असतं.

"बाबा, पत्ता लिहिलात त्यात? पूर्ण?"

"पत्त्याशिवाय मनाई कशी करणार?"

"अहो बाबा, ती फाइल कुणालाही वाचता येते. जे पान कुणालाच माहीत नव्हतं त्याचा पत्ता तुम्ही दारावर चिकटवलात. सभ्य यंत्रं जाणार नाहीत, ठीक आहे. पण ज्याला घुसायचंय तो पहिल्यांदा तीच फाइल उघडतो, कुठे काय लपवलंय ते बघायला. ही चूक नवीन पोरं करतात. आधी ती ओळ काढा, मग..."

समोर ओळ उमटली. आडवी रेघ. इतक्या दिवसांत तिने ती फाइल कधीच मागितली नव्हती. आज पहिल्यांदा मागितली.

कचेरीच्या मागची भिंत माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

टिंग.

पुढची ओळ: मागच्या खोलीचं पान.

"बाबा? ऐकताय ना?"

पुढची ओळ: फोटो. मग पुन्हा फोटो. पुन्हा. मी तिसऱ्या टिंगची वाट बघत होतो. हिची तीनदा दाबायची सवय आहे, तिसऱ्यांदा रागाने. तिसरी वाजली नाही. घंटी मागच्या खोलीतून नाहीशी झाली होती. ती माझ्या कोपराशी, काउंटरवर होती.

८

स्वयंपाकघर ओलांडून पॅसेजच्या तोंडाशी आलो. दुपारचं ऊन टोकाच्या दारातून पॅसेजमध्ये येत होतं. ते दार मी दुपारी नेहमी लोटून ठेवतो, हिची झोप मोडू नये म्हणून. आता सताड उघडं होतं.

भिंतीशी ओळ लागलेली होती. आधी औषधांचा ट्रे. मग मूत्रपात्र, धुतलेलं. मग रबरी चादर, घडी घातलेली. मग रक्तदाबाचं यंत्र, त्याची नळी गुंडाळून. शेवटी सगळ्यांत उंच वस्तू, चाकांची खुर्ची. तिचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं.

खुर्चीच्या पाठीवरून पांढरे केस दिसत होते.

मी खुर्चीपर्यंत पोचलो. आत बघू नये असं ठरवलं होतं आणि बघितलं. दारातून, नेमका जिथून फोटो काढला होता तिथूनच, कारण तिथे दुसरीकडे उभं राहायला जागाच नाही.

पट्ट्यापट्ट्यांची चादर, एक सुरकुती नाही. वेताची खुर्ची आम्ही केव्हाच मोडीत काढली होती, ती खिडकीशी. काळी वेणी खांद्यावर. मान वळलेली. तोंड अर्धवट उघडं.

हलत काहीच नव्हतं. श्वाससुद्धा नाही. फक्त वेणीचं टोक वाऱ्याने हलत होतं, आणि खिडकी बंद होती.

"अहो," खालून, भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीतून ही म्हणाली. अगदी हळू, आतल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. "माझ्या खोलीत कोण बसलंय?"

९

मी खुर्ची वळवली. हिला उचलून पुन्हा खोलीत न्यायची हिंमत मला लगेच झाली नाही. एकदा केलंही, संध्याकाळी, डोळे मिटून. हिला पलंगावर ठेवलं आणि पाणी आणायला स्वयंपाकघरात आलो. परत आलो तर ही पॅसेजमध्ये, ओळीच्या शेवटी, तोंड भिंतीकडे. त्यानंतर नाही केलं.

सूचनेतली ओळ मी त्याच रात्री काढली. उकिरड्यावरची पाटी काढल्याने उकिरडा हटत नाही.

सकाळी सिस्टर आली. पॅसेजमधून चालत गेली, चाकांच्या खुर्चीला वळसा घालून. खुर्चीत ही होती. हिने "सिस्टर" म्हणून हाकही मारली.

"सामान बाहेर काढलंत ते बरं केलं काका, जागा झाली," सिस्टर म्हणाली आणि दारात थबकली. मग दोन्ही हात गालांवर ठेवून ओरडली, "काकू! बसलात! स्वतःच्या स्वतः बसलात!"

ती आत गेली. मी बाहेर हिच्याकडे बघत होतो आणि ही माझ्याकडे. आत सिस्टर एकटीच बोलत होती, मध्ये थांबत होती, हसत होती, जणू तिला उत्तरं मिळत होती. जाताना डोळे पुसत म्हणाली, "आता माझं काम नाही राहिलं इथे." तेव्हापासून ती येत नाही.

टकळीने व्हिडिओ कॉल केला. मी फोन हिच्या तोंडासमोर धरला. "बाबा, अंधार दिसतोय नुसता. आईला दाखवा ना," ती म्हणाली. मी फोन दाराकडे वळवला. ती इतकी रडली, इतकी आनंदाने रडली, की मी फोन तसाच दाराकडे धरून ठेवला. रडून झाल्यावर म्हणाली, "आणि साइट बघितलीत का? एक लाल खूण नाही. शोधलं की पहिल्यांदा आपलंच घर येतं."

ते खरं आहे. पाहुण्यांच्या चौकशा यायला लागल्यात. मी उत्तरं देत नाही. रेघ त्या दिवसानंतर परत आलेली नाही, तिचं काम झालं असावं.

टकळी मला काय म्हणाली होती ते आता रोज आठवतं. ज्याला पत्ता पाठ आहे त्याला सगळं दिसतं. ही आता तशी झाली आहे. हिच्याकडे कुठूनच वाट येत नाही. मला पत्ता पाठ आहे, म्हणून मी पोचतो. मी पॅसेजमध्येच गादी टाकली आहे. इथला फोटो मी कधी काढला नव्हता, पॅसेजचा फोटो कोण काढतो? त्यामुळे इथे कुणी काही लावत नाही, हलवत नाही. सूप मी करतो. ही खात नाही. करंगळी पुन्हा हलायची थांबली. परवापासून हिला वळवायला मला एक हात पुरतो, इतकी हलकी झाली आहे. डॉक्टर आले होते. ते आत जाऊन, खुश होऊन, परत गेले.

आज दुपारी हिने बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

"अहो. ते पान काढून टाका."

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. पान उघडंच होतं. काढून टाकायचं बटण कुठे असतं तेही मला माहीत आहे, त्यावर मी दिवसातून कितीदा तरी बोट नेतो. पण पान काढलं तर दोघींपैकी कोण जाईल, हे मला कुणी लिहून देत नाही. जगाच्या नोंदीत आता एकच आहे, आणि ती आत बसली आहे. आणि दुसरंही एक आहे, ते हिला सांगता येत नाही: दारातून ऊन आत आलं की मी अजून तिकडे बघतो. तशी वेणी हिची कित्येक वर्षांत नव्हती.

"ऐकलंत का?" ही म्हणाली. "काढून टाका. जे व्हायचं ते होऊ दे."

"बघतो," मी म्हटलं.

हिने माझ्याकडे बघितलं. या घरात त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. मग हिने मान फिरवली, हिला फिरवता येईल तेवढी, भिंतीकडे.

वर कुणी चालत नव्हतं. मग उघड्या दारातून, हिच्याच आवाजात, पण त्या वेळच्या, हसऱ्या, थोड्याशा कंटाळलेल्या आवाजात, कुणीतरी विचारलं,

"झालं का?"